तण, मण, धण

बी.ए.ला माझा विषय संस्कृत होता. न चा ण कुठे होतो, हा नियम मला झोपेतून उठवून विचारला असता तरी मी घडाघडा म्हणून दाखवला असता. मधे कुठली अक्षरं आलेली चालतात, कुठली चालत नाहीत, सगळं पाठ. कागदावर माझा ण कधी चुकला नाही. चुकायचा तो तोंडात. आमच्या गावी, चांद्याला, ण हे अक्षर मुळी वापरातच नव्हतं. विहिरीतून पानी निघायचं, चुलीवर जेवान शिजायचं, आणि अंधारात "कोन हाय" म्हणून विचारलं तर माणूस बिनदिक्कत ओ द्यायचा. कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते माझं, कारण शिकायला म्हणून घराबाहेर पडलेला आमच्यातला मी पहिलाच.

पुण्याला वसतिगृहात गेलो आणि त्याच आठवड्यात पोरांना माझा शोध लागला. पोरं वाईट नव्हती. पण जेवायला बसलो की कुणीतरी म्हणायचं, "अरे, जरा लोणी मागून घे की आमच्यासाठी," आणि मी "लोनी" म्हटलं की पंगतभर खसखस पिकायची. मी लोणी खायचं सोडून दिलं. मग हळूहळू बोलायचंच सोडलं. पहिल्या वर्षी मी इतका गप्प राहिलो की एका प्रोफेसरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला ऐकू कमी येतं का. मी हो म्हणालो. ते सोपं होतं.

पुढे मी एक तोडगा काढला. जिथे शंका येईल तिथे ण ठोकून द्यायचा. पाणी, लोणी, कोण, असं बरंचसं साधायचं. पण कान घरचेच होते ना. दोन अक्षरांतला फरक मला डोळ्यांना कळायचा, कानांना कळायचा नाही. समोर पुस्तक असलं की मी ठीक असायचो, आणि आपल्या मनानं बोलायला लागलो की जिथे ण नको तिथेही तो जाऊन बसायचा. पानाचं पाण व्हायचं, कानाचा काण. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. मजा वाटत असेल त्यांना, दुसरं काय.

बी.ए. झालो आणि पौडाला नोकरी लागली. तिथे इंग्रजी तीन इयत्तांची लहानशी शाळा नवीन निघाली होती. हेडमास्तर पुण्याचे, सरकारी शाळेतून पेन्शन घेऊन आलेले. माणूस सरळ, बोलणं त्याहून सरळ. पहिल्याच दिवशी मला समोर बसवून ते म्हणाले, "मास्तर, तुमची बी.ए. उत्तमच आहे. पण शिकवण्याचं सर्टिफिकेट नाही तोवर सरकारच्या लेखी तुम्ही शिक्षक नाही, आणि सर्टिफिकेटवाला शिक्षक नसला तर आम्हाला ग्रँट नाही. वर्षाच्या आत पास व्हा. नाही झालात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटेल, पण बघावा लागेल."

सर्टिफिकेटची परीक्षा दोन भागांत असायची. लेखी पेपर पुण्याला जाऊन द्यायचे. ते झाले की परीक्षक आपल्याच शाळेत यायचे, वर्गात मागे बसायचे आणि आपला पाठ बघायचे. लेखीची मला धास्ती नव्हती. कागद आणि मी, आमचं आधीपासून जमायचं. पण मागे कुणी पुण्याचा माणूस बसलाय आणि मी पुढे उभा राहून बोलतोय, हे नुसतं मनात आलं की मी हातातलं पुस्तक मिटून ठेवायचो.

आणि पास होणं भागच होतं. आमचं लग्न फार लहानपणी झालेलं. बायको मारुंजीची. मी पुण्याला शिकत होतो ती सगळी वर्षं तिनं चांद्याला माझ्या आईवडिलांच्या हाताखाली काढली. सुट्टीत घरी गेलो तरी चारचौघांत आम्ही एकमेकांकडे धड बघायचोसुद्धा नाही. पौडाला बिऱ्हाड केलं तेव्हा कुठे नवराबायको म्हणून आम्ही एका छपराखाली आलो. एक खोली, पुढे पडवी, परसात शेळी. आणि तिचं बोलणं. ती उठल्यापासून बोलायची. शेळीशी, न पेटणाऱ्या चुलीशी, शेजारणीशी, रस्त्यानं चाललेल्या गाडीवानाशी, आणि माझ्याशी तर काय विचारूच नका. इतकी वर्षं तोंड दाबून राहिलेला मी, मला ते बोलणं ऐकून पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. शाळेतून निघालो की माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

नोकरी गेली तर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मुंबईला एका नातेवाइकाच्या ओळखीनं कारकुनी मिळाली असती. तिथे पुरुषांनी भरलेल्या खोलीत एका वळकटीपुरता मी, आणि ती माघारी चांद्याला. एकदा भाकरी थापता थापता तिनं मला सरळच सांगितलं, "मला आता माघारी न्हाई जायाचं. तुमी काय वाट्टंल ते करा, पर पास व्हा."

लेखीत पास झालो. मग परीक्षकांकडून पाठाचा विषय कळवून आला: मराठी व्याकरण, विशेषण. वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या अक्षराला मी आयुष्यभर चुकवत आलो ते विषयाच्या नावातच बसलेलं. पाठ घ्यायचा तो पंचपदीनं, म्हणजे आधी मुलांना ठाऊक असलेलं विचारायचं, मग नवं सांगायचं, मग दोन्हींची तुलना, त्यातून नियम, आणि शेवटी तो नियम मुलांकडून वापरून घ्यायचा. पाचही पायऱ्यांवर तो शब्द माझी वाट बघत उभा होता.

मी पाठ लिहून काढला आणि तिच्यासमोर घ्यायला लागलो. ती चुलीपुढे, मी भिंतीला टेकून उभा.

"समज, तू वर्ग आहेस," मी म्हणालो.

"आख्खा?"

"आख्खा. आता सांग, गाय कशी आहे?"

"कुनाची?"

"कुणाचीही. गाय म्हटलं की ती कशी असते?"

तिनं जरा विचार केला. "गाबन."

"गाभण."

"त्येच म्हनलं की मी."

"ते नाही म्हटलंस. न वेगळा, ण वेगळा. जीभ वर वळव आणि मग सोड. ण."

तिनं जीभ वळवली, सोडली, आणि जो काही आवाज निघाला त्यानं परसातल्या शेळीनं मान वर केली. ती हसायला लागली. हसता हसता पीठ सांडलं. मी चिडलो. मला लाज वाटली की मी चिडतो, तेव्हाही आणि अजूनही. मी म्हणालो, हसतेस काय, तांदळाचा मण निराळा आणि माणसाचं मन निराळं, एवढंही तुला कळत नाही.

"आमच्यात मन त्ये मनच," ती म्हणाली. "तांदळाचं बी आन् मानसाचं बी. इचारा कुनालाबी."

पण ती रोज बसली. मी चिडायचो, ती हसायची, आणि तरी बसायची. पाठ तिच्यासमोर इतक्या वेळा झाला की नियम तिलाही पाठ झाला. एकदा शेजारीण आमच्या शेळीला द्वाड म्हणाली, तर ही तिला सांगते, "द्वाड हे इशेशन हाय." शेजारणीला वाटलं हा काहीतरी रोग असावा. तिनं काळजीनं विचारलं, कधीपासून झालंय.

पाठातला शब्द न शब्द मी घासून घेतला. विशेषण, गुण, वर्णन, कोणता, कोणी. लिहिलेलं होतं ते सगळं बरोबर यायला लागलं. एक मात्र आमच्या ध्यानात आलं नाही. मी कुठे चुकीचा ण लावला तर तो तिला कळणं शक्यच नव्हतं, कारण तिच्या कानाला दोन्ही एकच. आणि माझ्याही.

परीक्षक पुण्याहून टांग्यानं आले. पगडी, उपरणं, बोलणं मऊ. भूगावच्या पुढचा रस्ता सगळा धुळीचा, त्यामुळे आल्या आल्या त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसता पुसता मला म्हणाले, "घाबरू नका मास्तर, मी काही वाघ नाही." मी नुसतं हसलो.

वर्गात ते मागच्या बाकावर बसले, हेडमास्तर खिडकीजवळ. मी सुरुवात केली. आणि काय सांगू, पाठ झकास झाला. गाय कशी, बैल कसा, डोंगर कसा. मुलं हात वर करून करून सांगत होती. "इशेशन" म्हणणाऱ्यांना मी थांबवलं, जीभ कशी वळवायची ते दाखवलं, आणि पोरांनी ती वळवली. तासाच्या शेवटी अर्धा वर्ग खणखणीत विशेषण म्हणत होता. चौथी पायरी झाली, पाचवी झाली. माझा एक ण चुकला नाही. हेडमास्तरांनी मान डोलावली, ती मी बघितली. मी फळा पुसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिथे थांबायला हवं होतं. घंटा व्हायला थोडा अवकाश होता, पाठ संपला होता, गप्प राहायची सवय तर मला वर्षानुवर्षांची. पण आनंद झाला आणि मी बोललो. कॉलेजात सभांमधून कितीदा ऐकलेलं एक वाक्य होतं, ते मला त्या वेळी फार शोभेल असं वाटलं. कागदावर ते नव्हतं. मी दोन पावलं पुढे आलो, आवाज चढवला आणि म्हणालो, "मुलांनो, असंच तण, मण, धण अर्पून अभ्यास करा."

मला म्हणायचं होतं तन, मन, धन. मी मुलांना सांगितलं होतं की शेतातलं गवत आणि धान्याचं माप अर्पण करा. तिसरा तर शब्दच नाही.

मला ते कळलं नाही. मी छाती काढून उभा होतो. हेडमास्तर एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. परीक्षकांनी रुमाल काढून तोंडावर धरला, खोकल्यासारखं केलं, आणि मग अगदी प्रेमानं म्हणाले, "मास्तर, मुलांना एक विचारू का?"

"अवश्य," मी म्हणालो.

त्यांनी पुढच्या बाकावरच्या एकाला उभं केलं. "बाळ, तण म्हणजे काय रे?"

"भातात उगवतंया त्ये, जी. उपटून बांदावर टाकत्यात."

"अस्सं. आणि ते अर्पण कुणाला करायचं?"

पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, "मास्तर म्हंत्याल त्येला."

कुणी हसलं नाही. वसतिगृहातल्या त्या पंगतीसारखा सगळा वर्ग हसला असता तर बरं झालं असतं, मी चिडलो तरी असतो. पण त्यांना हसण्यासारखं त्यात काही दिसलंच नाही. बी.ए. झालेले मास्तर सांगतायत म्हणजे बरोबरच असणार. मागे एक जण तर ते पाठ करायला लागला होता. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, तण, मण, धण, आणि प्रत्येक ण मी त्याच तासाला शिकवला होता तसा, जीभ वळवून, अगदी स्वच्छ. तेव्हा मला कळलं, कानांनी नव्हे, त्याची वळणारी जीभ बघून. मी पाठ फिरवली आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिलो.

नंतर हेडमास्तरांच्या खोलीत परीक्षकांनी विचारलं, "बी.ए.ला विषय कोणता होता?"

"संस्कृत," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. त्या एका हं मध्ये माझी सगळी वर्षं गेली. पुढे म्हणाले, "पद्धत उत्तम आहे तुमची. पंचपदी चोख. मी पास करतोय. पण मास्तर, मुलं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. घरची भाषा घरी ठेवत चला."

मला सांगायचं होतं की साहेब, ही घरची भाषा नव्हे. आमच्या घरात तण-मण-धण कुणाच्या बापजन्मी म्हटलं नसतं. घरचं कुणी बोललं असतं तर तन, मन, धन असं सरळ बोललं असतं आणि ते बरोबर आलं असतं. हा माल माझा स्वतःचा, पुण्यात तयार केलेला. पण मी "जी" म्हणालो, म्हणजे तेही गावच्याच पद्धतीनं, आणि बाहेर आलो. टांगा गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "पास आहात ना, मग झालं तर." माणूस भला. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी पोचलो तो ती दारातच उभी. "काय झालं?"

"पास."

तिनं दोन्ही हात तोंडावर धरले, मग परसात पळाली आणि शेळीला सांगायला लागली की आता आपन हितंच ऱ्हायाचं, कुटं जायाचं न्हाई. न, न, न. मला ते ऐकवेना. वर्गात जी लाज गिळून बसलो होतो ती सगळी तिथे बाहेर आली. मी ओरडलो. म्हणालो, पास झालो पण अब्रू गेली. तुझ्याशी बोलून बोलून माझी जीभ बिघडली. साहेब म्हणाले घरची भाषा घरी ठेवा. आणखी एक न वाकडा गेला असता तर सर्टिफिकेट गेलंच होतं.

"माज्यामुळं?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो नाही. पाय धुतले आणि जेवायला बसलो.

काही महिन्यांनी सर्टिफिकेट आलं. जाड कागद, खाली शिक्का. पुण्याहून काच बसवून आणलं आणि पडवीत टांगलं. ती रोज पदरानं काच पुसायची. माझा राग दुसऱ्याच दिवशी उतरला होता, आणि तीही पहिल्यासारखी बोलत होती, शेळीशी, चुलीशी, माझ्याशी. मी समजलो, विसरली.

मग एका सुट्टीच्या दिवशी हेडमास्तर सपत्नीक आले, अभिनंदन करायला. आमच्याकडचं पाणी ते घेणार नव्हते, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्या काळी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, किंवा वाटलं तरी कुणी बोलायचं नाही. दूध चालायचं. शेजारून गाईचं दूध आणलं होतं, ते तिनं पेल्यांतून आणून ठेवलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराला टेकून उभी राहिली.

"काय गं, मास्तर पक्के झाले," बाई म्हणाल्या. "आता खूश ना?"

तिनं मान हलवली.

"माहेर कुठलं तुझं?"

तिनं हात करून मारुंजीची दिशा दाखवली. बाई हसल्या. "अगं, नाव सांग की गावाचं." तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक दातांत धरलं. भावंडं किती विचारलं, तर बोटं दाखवली. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "फारच अबोल हो मंडळी तुमची." मी हसलो. आत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. यांना वाटणार, मास्तरांची बायको मुकी तरी आहे नाहीतर गर्विष्ठ तरी.

ते वळणापलीकडे गेले आणि मी तिच्यावर घसरलो. "तोंड शिवलं होतं का तुझं? एवढी मोठी माणसं घरी आली. काय म्हणतील?"

तिनं पेले उचलले. "त्येंनी ऐकलं असतं म्हंजी?"

"काय ऐकलं असतं?"

तिनं हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं, काचेतल्या कागदाकडे. "तुमीच म्हनला न्हवं, एक न वाकडा गेला का सर्टिफिकेट गेलं? म्या तोंड उघाडलं, आन् त्येंनी त्ये काढून न्येलं, मंग? मला माघारी न्हाई जायाचं."

मी तिला सांगितलं. एकदा दिलेलं सर्टिफिकेट कुणी काढून नेत नाही. तुझ्या बोलण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. चूक माझी होती, माझ्या एकट्याची, त्या दिवशी मी खोटं बोललो. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी म्हंताय तर असंल." पण माझ्याकडे बघत म्हणाली नाही. पेल्यांकडे बघत म्हणाली.

पौडात आम्ही पुढे बरीच वर्षं काढली. शाळेतल्या कुठल्याही माणसानं तिचा आवाज ऐकला नाही. संध्याकाळी मी घराकडे वळलो की तिचं शेळीशी चाललेलं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. मी एकटा असलो तर ते तसंच चालू राहायचं. पण बरोबर एखादा मास्तर असला, तर माझ्या वहाणांशेजारी दुसऱ्या वहाणा वाजलेल्या तिला आतून कळायच्या, आणि ती शब्द अर्धा असतानाच थांबायची.